घोरणाऱ्यांनो, सिंह व्हा!

मळवलीजवळचा बंगला, शनिवारची रात्र, बाहेर धो धो पाऊस आणि आत गरमागरम कांदाभजी. वीकएण्ड एकदम झकास चालला होता. रात्री दोन वाजता मात्र आमच्या ग्रुपने एकमताने ठराव पास केला आणि मला गादीसकट हॉलमध्ये हलवलं. सकाळी चहाबरोबर मोबाइलवर माझंच घोरणं मला ऐकवलं. सगळे खो खो हसत होते. बायको मात्र गप्प होती. नंतर हळूच म्हणाली, ‘मधेच तुझा श्वास थांबतो रे. परत सुरू होईपर्यंत मी आकडे मोजत जागी असते.’

माझं हसू तिथेच विरलं.

घोरण्याचा फंडा सोपा आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट अरुंद होते, आणि हवा जाताना मऊ टाळू आणि पडजीभ थरथरतात. उताणं झोपलं की जीभ मागे सरकते. त्यात चोंदलेलं नाक, वाढलेलं पोट आणि रात्रीचा पेग असेल तर बघायलाच नको!

मग स्नायूंनाच व्यायाम दिला तर? ब्राझीलच्या संशोधकांनी २००९ साली हेच तपासलं. झोपेत श्वास अडकण्याचा मध्यम त्रास असणाऱ्यांनी तीन महिने जीभ आणि घशाचे व्यायाम केले. त्रास आणि घोरणं, दोन्ही कमी झालं.

आपल्याकडे सिंहासन, उज्जायी, भ्रामरी आणि नेती यांचं वर्णन ‘हठप्रदीपिके’त आहेच. लोणावळा म्हणजे फक्त चिक्की नव्हे! स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथे कैवल्यधाम सुरू केलं, ते योगक्रियांचा शरीरावरचा परिणाम प्रयोगाने तपासायला. तोच बाणा आपण घ्यायचा: करून बघायचं, पण परिणाम तपासायचा.

करून पाहा

• सिंहासन: वज्रासनात बसा, तोंड मोठं उघडा, जीभ हनुवटीकडे ताणा, श्वास सोडा. चार-पाच वेळा.

• भ्रामरी: ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव. पाच ते दहा आवर्तनं.

• जलनेती: नाक चोंदत असेल तरच, आणि आधी जाणकाराकडून शिकूनच. पाणी उकळून कोमट केलेलं. अर्धा लिटरला चहाचा एक चमचा मीठ.

• कुशीवर झोपा. जुन्या टी-शर्टच्या पाठीला टेनिस बॉल शिवला की उताणं होताच जाग येते.

• वजन उतरवा. झोपण्यापूर्वी मद्य नको.

आता महत्त्वाचं. श्वास थांबणं, गुदमरून जाग येणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंग येणं यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर गाठा. हा ‘स्लीप ॲप्निया’ असू शकतो. त्याने रक्तदाब वाढू शकतो. आणि एक्सप्रेस-वेवर स्टिअरिंगमागे लागलेली एक डुलकी पुरेशी असते, हे वेगळं सांगायला नको.

मी झोपेची तपासणी करून घेतली. आता रात्री डॉक्टरांनी दिलेलं श्वासाचं मशीन आणि सकाळी सिंहासन, असा दुहेरी कार्यक्रम आहे. मशीन लावल्यावर अवतार हत्तीसारखा दिसतो, पण तक्रार नाही. बायकोने आकडे मोजणं थांबवलंय. ती आता झोपते!