दादाची क्रूझ आणि पद्मावती बोट

अकोल्याला समुद्र नाही. पूर्णेच्या काठानं खारपाणपट्टा आहे, विहिरीला खारं पाणी लागतं, तेवढीच आमच्या बापजाद्यांची समुद्राशी ओळख. अशा गावातून माझा थोरला भाऊ यंदा नाताळच्या सुट्टीत बायको, दोन पोरं आणि मायला घेऊन क्रूझवर निघालाय. मुंबई, गोवा, लक्षद्वीप. सरकारी कचेरीत कारकून आहे. दोन वर्षं पैसे साठवले.

मी मुंबईच्या गोदीत माल चढवतो-उतरवतो. मायला काही कळेना. म्हणाली, "जहाजात चढाले पैसे भरा लागते? तुले त चढाचेच पैसे देतेत!"

गावातले चळवळीतले दोस्त भडकले. २५ डिसेंबर, मनुस्मृती जाळल्याचा दिवस, आणि हा साला बोटीवर नाचणार? नोकरी लागली की सगळे असेच! दादा मान खाली घालून ऐकत होता. खरं सांगतो, पहिल्या दिवशी मीही त्यांच्यातच होतो.

मग आठवलं. १९२७ साली बाबासाहेब महाडला गेले ते कशानं? २४ डिसेंबरला मुंबईहून पद्मावती बोटीनं. बरोबर दोनशेच्या वर माणसं. धरमतरला उतरून मोटारीनं जाता आलं असतं. पण मोटारवाल्यांनी बसूच दिलं नाही तर? म्हणून दासगावचा धक्का धरला. तिथनं महाड पाच मैल, पायी गाठता येतं. २५ ला दुपारी उतरले, चालत गेले, रात्री ग्रंथ जाळला. आणि त्या ग्रंथात काय लिहिलंय? तिसऱ्या अध्यायात समुद्रप्रवास करणारा बामण घर जाळणाऱ्याच्या, विष घालणाऱ्याच्या रांगेत बसवलाय. श्राद्धाच्या पंगतीला तो चालत नाही. त्यांना समुद्र बाटवत होता. आमच्यापाशी बाटायला होतं काय?

तेव्हा दोस्तांनो, दादाला जाऊ द्या. माझी माय सहा डिसेंबरसाठी वर्षानुवर्षं गाडीच्या संडासापाशी बसून दादरला आलीय. तिनं एकदा पांढऱ्या चादरीवर पडून समुद्र बघितला तर चळवळीचं काय बुडतं? दलित कायम मोर्च्यातच दिसावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी स्वतःच्या सुट्ट्यांचा हिशेब मांडावा.

माझं भांडण वेगळंच आहे.

परवा दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू तिथी येऊ नको बे. आलाच त गोदीच्या कपड्यात येऊ नको. साहेबाची फॅमिली त्याच जहाजावर हाये."

साहेबाला माहीत नाही, धाकटा भाऊ हमाल आहे. म्हणजे तिकिटाचे पैसे भरले आणि वर मलाही भरून टाकलं! दोन दिवस जेवण गेलं नाही. त्या दोस्तांच्या शिव्यांनी जे झालं नव्हतं ते या एका वाक्यानं झालं.

ऐक दादा. बॅलार्ड पियरचं ते नवं टर्मिनल, २०२५ च्या सप्टेंबरात उद्घाटन झालेलं, इंदिरा गोदीच्या अंगालाच आहे. माझी पाळी सुटते तिथनं चालत येता येतं. पद्मावतीतून उतरलेल्यांत मळक्या कपड्याचे किती असतील? त्यांना कुणी मागं थांबा म्हणालं नव्हतं. तू खुशाल जा, पोरांना डेकवर पळू दे, वहिनीला चार दिवस चूल दिसू नये. पण मी येणार. पाळीवरनं थेट, त्याच कपड्यात. मायची पेटी मी उचलणार. साहेब विचारतील, हा कोण? तेव्हा सांगायचं तू आहेस, मी नाही.