स्वस्तातली सहल आणि फुकटेपणा

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींची सहलीबद्दल दोन ठाम मतं असतात. पहिलं, "गाडी नसेल तर इथे काही बघता येत नाही." दुसरं, "आईबाबा एवढ्या लांब आलेत, आता खर्चाकडे बघायचं नाही." या दोन वाक्यांच्या जोरावर दरवर्षी कितीतरी आया आणि सासूबाई मागच्या सीटवर बसून नायगारा ते लास व्हेगास फिरून येतात. घरी गेल्यावर विचारलं तर म्हणतात, "छान होतं हो सगळं. पण पायी कुठे फिरलोच नाही."

तिसरं एक मत आहे. ते कोणी मोठ्याने बोलत नाही, पण वागण्यात दिसतं. स्वस्तात फिरायचं म्हणजे वाढणाऱ्याची टिप वाचवायची, रस्त्यावर वाजवणाऱ्याचं गाणं उभं राहून ऐकायचं आणि डबा पुढे आला की आभाळाकडे बघायचं. वर घरी येऊन सांगायचं, "बघ, किती कमी पैशात झालं!"

मला या तिन्ही मतांशी भांडायचं आहे, आणि त्यासाठी मी न्यू ऑर्लिन्स हे शहर निवडलंय.

मी ह्यूस्टनला राहते. मार्च २०२३ मध्ये आई आली होती, तेव्हा आम्ही दोघी रात्रीच्या बसने न्यू ऑर्लिन्सला गेलो, एक सोमवार तिथे घालवला आणि रात्रीच्याच बसने परत आलो. हे कळल्यावर घरच्या ग्रुपवर जो गहजब झाला तो काय सांगू! "वहिनींना बसने नेलंस?" "निदान एक हॉटेल तरी घ्यायचं!" ज्या वहिनींबद्दल ही चिंता चालली होती त्यांचं सगळं आयुष्य दादरला बेस्टच्या बसमध्ये उभं राहून गेलंय. त्या मजेत होत्या.

त्याच शहरात आमच्याच नात्यातलं एक कुटुंब आधीच्या वर्षी तीन दिवस राहून आलं होतं. त्यांनी दलदलीतली मगरीची बोट, वातानुकूलित बस आणि नदीवरच्या जहाजातलं रात्रीचं जेवण असं सगळं केलं. "पो-बॉय खाल्लात का?" म्हणून मी विचारलं, तर "ते काय असतं?" असं उत्तर आलं. मुंबईला तीन दिवस राहून कोणी "वडापाव म्हणजे काय?" असं विचारलं तर आपण काय म्हणू?

पो-बॉय म्हणजे तिथला वडापावच. लांब फ्रेंच पाव, वरून कुरकुरीत, आतून पोकळ म्हणावा इतका हलका, आणि त्यात तळलेली कोळंबी, मासे नाहीतर रश्शातलं मांस. १९२९ च्या जुलैमध्ये या शहरातल्या ट्राम कामगारांनी संप केला. मार्टिन आडनावाचे दोन भाऊ पूर्वी ट्रामवर कंडक्टर होते आणि तेव्हा त्यांचं खाण्याचं दुकान होतं. त्यांनी जाहीर केलं की संपकऱ्यांना आमच्याकडे फुकट खायला मिळेल. संपकरी दारात आला की आतून "आला बघ आणखी एक गरीब बिचारा" अशा अर्थाची हाक जायची, आणि त्यावरूनच सँडविचचं नाव पडलं असं सांगतात. अगदी स्वस्तातला पो-बॉय म्हणजे पावात तळलेले बटाट्याचे काप आणि वरून रस्सा. हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे गिरणगावच की!"

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. न्यू ऑर्लिन्समध्ये जे जे म्हणून नावाजलेलं आहे, त्यातलं बहुतेक सगळं पैसे नसलेल्या माणसांनी केलेलं आहे. मग ते बघायला पैशाचा रुबाब कशाला लागतो?

गम्बो घ्या. तिथला हा दाटसर रस्सा जगप्रसिद्ध आहे. 'गम्बो' हा शब्द आफ्रिकेतल्या भाषांमधल्या भेंडीच्या नावावरून आला असं मानतात. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर भेंडी तिथे पोचली. रस्सा दाट करायला भेंडीची तार वापरायची ही युक्ती त्यांची, आणि त्याच कामासाठी सॅसाफ्रास झाडाच्या पानांची पूड घालायची ही तिथल्या मूळ चोक्टॉ लोकांची. आपण ज्या तारेसाठी भेंडीला नावं ठेवतो तिच्यावर एका शहराची पाककला उभी आहे :)

राजमा-भात घ्या. हा तिथे सोमवारचा पदार्थ, कारण सोमवार कपडे धुण्याचा वार. रविवारच्या जेवणातलं उरलेलं हाड आणि राजमा एका पातेल्यात चढवायचा आणि बाई दिवसभर धुण्याला मोकळी. आजही सोमवारी तिथल्या साध्या खानावळींत हाच बेत असतो. लुई आर्मस्ट्राँग पत्राखाली सही करताना या राजमा-भाताचं नाव घालायचा. १९०१ मध्ये याच शहरातल्या एका गरीब वस्तीत जन्मलेला आणि लहानपणी कोळशाच्या गाडीवर राबलेला माणूस तो. (शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं, राजम्यात मांस असतंच असं धरून चाला.)

कॉफी घ्या. कॅफे दू माँद हे १८६२ पासूनचं दुकान. तिथल्या कॉफीत चिकोरी असते. यादवी युद्धात बंदराची नाकेबंदी झाली, कॉफी मिळेना, तेव्हा ती पुरवून वापरण्यासाठी चिकोरीची सवय पक्की झाली अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडच्या फिल्टर कॉफीवर वाढलेल्या कोणालाही पहिल्या घोटाला ओळख पटेल. सोबत बेन्ये, म्हणजे पिठीसाखरेत बुडालेले चौकोनी तळलेले पाव. एका बशीत तीन. आम्ही एक बशी आणि दोन कॉफ्या घेतल्या. आईच्या साडीवर पिठीसाखर सांडली ती ह्यूस्टनपर्यंत आली.

आणि संगीत? फ्रेंच क्वार्टरच्या उत्तरेला काँगो स्क्वेअर नावाची जागा आहे. गुलामांना रविवारी एकत्र जमायची मुभा होती. १८१७ च्या एका हुकुमाने ती एकाच जागेपुरती ठेवली गेली, ती ही जागा. इथे ते आपापल्या देशांतले ताल वाजवत आणि नाचत. जाझचं मूळ शोधताना लोक या मैदानापाशी येऊन थांबतात. आत जायला तिकीट नाही. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय चारपाच माणसं होती. त्याच वेळी बर्बन स्ट्रीटवर पेल्यांची रांग लागलेली होती.

आता गाडीकडे वळू. सेंट चार्ल्स रस्त्यावरची ट्राम १८३५ पासून चालू आहे. सतत चालू असलेली ही जगातली सर्वात जुनी रस्त्यावरची रेल्वे मानतात. तिच्यावरचे हिरवे डबे १९२० च्या दशकातले. लाकडी बाकं, उघडता येणाऱ्या खिडक्या आणि दोन्ही बाजूंना ओकची प्रचंड झाडं. एका खेपेला सव्वा डॉलर, दिवसभराचा पास तीन डॉलर. मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली तेव्हा आई शाळेत होती. ती खिडकीशी बसली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. तिथून आम्ही त्याच ट्रामने परत आलो. मगरीच्या बोटीचं तिकीट याच्या किती पट असतं याचा हिशोब तुम्हीच करा.

याच शहराच्या ट्राममध्ये १९५८ पर्यंत बाकांच्या पाठीवर हलवता येणारी लाकडी पाटी असायची, कृष्णवर्णीयांनी तिच्या मागे बसायचं. आणि १८९२ मध्ये होमर प्लेसी नावाचा इथला चांभारकाम करणारा माणूस ठरवून गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात बसला आणि पकडला गेला. त्याचा खटला १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला आणि "वेगळे पण समान" या थोतांडाला कायद्याचा आधार मिळाला. तो निकाल मोडायला १९५४ उजाडलं. भाड्याच्या गाडीत बसून हा इतिहास ऐकता येतो, नाही असं नाही. पण तीन डॉलरचा पास हातात घेऊन, कामावर निघालेल्या माणसांच्या शेजारी बसल्यावर तो जरा जास्त कळतो.

"गाडीशिवाय काही नाही" म्हणणाऱ्यांना अजून एक गोष्ट सांगायची आहे. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना आलं, बंधारे फुटले आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. त्याआधी शहर सोडायचा हुकूम निघाला होता. ज्यांच्याकडे गाडी होती त्यातले बरेचसे गेले. ज्यांच्याकडे नव्हती असे हजारो लोक मागे राहिले, छपरांवर चढले, स्टेडियममध्ये कोंबले गेले. म्हणजे "गाडी नसेल तर इथे काही नाही" हे वाक्य त्या शहराने अक्षरशः भोगलंय. तिथे जाऊन तेच वाक्य सहलीच्या गप्पांत सहज टाकताना निदान जीभ अडखळावी. सेंट चार्ल्सची ट्राम पूर्ण मार्गावर परत धावायला २००८ उजाडलं. ती आज भरून धावते आहे, तिच्यात बसणं हा कंजूषपणा कसा काय होतो?

आता तिसऱ्या मताकडे, म्हणजे आमच्या फुकट्या मित्रांकडे. हे भांडण जास्त महत्त्वाचं आहे, कारण ही मंडळी स्वतःला माझ्या बाजूची समजतात.

लुइझियाना राज्याचा स्वतःचा किमान वेतनाचा कायदाच नाही. तिथे केंद्राचा नियम लागतो, आणि त्या नियमाप्रमाणे टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला फक्त २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतं. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप धरूनही तासाला सव्वासात डॉलर भरले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा, असं कायदा म्हणतो. म्हणजे तुमच्यापुढे राजमा-भात ठेवणारी बाई जगते ती तुमच्या टिपवर. ही पद्धत चांगली आहे असं मी म्हणत नाही. मलाही ती पटत नाही. पण "मला ही पद्धत मान्य नाही" म्हणून टिप न देणाऱ्याने मालकाचं काहीच बिघडवलेलं नसतं. त्याने त्या बाईचा पगार कापलेला असतो, आणि वर तत्त्वाचा आव आणलेला असतो. तसंच रॉयल स्ट्रीटवर वाजवणाऱ्या पोरांचं. तुम्ही दहा मिनिटं थांबलात, मोबाइलवर व्हिडिओ घेतलात, तर ते तिकीट लागणारं गाणं होतं. फक्त दारावर माणूस नव्हता.

स्वस्त याचा माझ्या लेखी अर्थ एवढाच, की भपक्यावर खर्च करायचा नाही. दुसऱ्याच्या मजुरीला हात लावायचा नाही. आम्ही दोघींनी कोळंबीचा एकच पो-बॉय अर्धा अर्धा खाल्ला, कारण तो खरंच दोघींना पुरतो. टिप मात्र पूर्ण दिली. ट्राम, बोट, कॉफी, पो-बॉय, रात्रीचा राजमा-भात, साधारण दहा टक्के कर, प्रत्येक ठिकाणची टिप आणि वादकांच्या डब्यात टाकलेले दहा डॉलर असं सगळं धरून दोघींचे नव्वद डॉलरच्या आत झाले. ह्यूस्टनच्या बसचं भाडं वेगळं.

काही गोष्टी राहिल्या, त्या राहिल्याच. दुसऱ्या महायुद्धाचं तिथलं संग्रहालय उत्तम आहे, पण त्याला तिकीटही मोठं आणि दिवसही पूर्ण लागतो. एका दिवसात ते कोंबू नये. काळोख पडल्यावर रिकाम्या गल्ल्यांत शिरू नये, गजबजलेल्या रस्त्यांवरच राहावं, हेही खरं. जूनपासून पुढे उन्हाळा इतका घाम काढतो की माझा हा सगळा युक्तिवाद त्यात वितळेल. मार्च, नाहीतर नोव्हेंबर बघा.

पण संध्याकाळी नदी ओलांडायची ती बोट चुकवू नका. माणशी दोन डॉलर, पाचदहा मिनिटं, पलीकडे अल्जियर्स पॉइंट. बरोबर कामावरून घरी निघालेली माणसं. मागे वळून बघितलं की जॅक्सन स्क्वेअर आणि सेंट लुई कॅथेड्रलचे तीन मनोरे दिसतात. त्या चौकातच २० डिसेंबर १८०३ ला फ्रान्सने हा सगळा मुलूख अमेरिकेच्या हवाली केला. त्याच वर्षी आपल्याकडे असईची लढाई झाली होती. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तेव्हाही ज्यांची जमीन होती त्यांना कोणी विचारलं नसणारच." एवढं बोलून ती पाण्याकडे बघत बसली.

तर काका, मामा आणि समस्त मंडळी, पुढच्या वेळी आईला कुठे न्यायचं असेल तर आधी हे बघा, की त्या गावातली कामाला जाणारी माणसं कशात बसतात आणि दुपारी काय खातात. तेच करा, पैसे चोख द्या, आणि वाचले त्याचं कौतुक मात्र चारचौघांत करू नका.