वाइनचे तळघर आणि माडीचे मडके

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच धरमतर खाडीच्या मुखाशी रेवस बंदराला लागते, तेव्हा शनिवारच्या उतारूंत मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या कोळणी असतात, तसेच दोन दिवसांच्या विश्रांतीसाठी आलेले मुंबईकरही असतात. शेजारच्या मांडव्याला मार्च २०२० पासून मोटारगाड्याही बोटीने येऊ लागल्या. रेवस-करंजा पुलाचे कामही हाती घेण्यात आले असल्याने हा ओघ यापुढे वाढतच जाणार, हे उघड आहे. या पाहुण्यांच्या ताटात अलिबागची मासळी पडते आणि पेल्यात बहुधा नाशिकची वाइन. त्याच तालुक्यात माडावरून उतरणारी माडी मात्र रस्त्याकडेच्या दुकानाबाहेर फारशी जात नाही. दोन्ही पेये आंबवलेल्या गोड रसाची. दोन्ही एकाच राज्यातील शेतीची. मग एकाला उद्योगाची प्रतिष्ठा आणि दुसऱ्याला केवळ अबकारी खात्याची नजर, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर चवीत शोधून मिळणार नाही. ते साठवणीच्या अर्थशास्त्रात आहे.

तळघराची किंमत

नाशिक-दिंडोरीच्या पट्ट्यातील लहान वाइन-उत्पादकाचे जीवन बाहेरून वाटते तितके रम्य नाही. जानेवारी ते मार्च हा द्राक्षतोडणीचा हंगाम. पांढऱ्या वाइनचा रस थंड टाकीत सावकाश आंबवावा लागतो. रस तापला की सुगंध उडून जातो. नेमका त्यानंतर उन्हाळा चढतो आणि शीतयंत्र रात्रंदिवस चालवावे लागते. वीज गेली तर जनित्राचा खर्च. टाकीच्या तळाशी बसलेला गाळ मागे ठेवून रस दुसऱ्या टाकीत घ्यावयाचा. लाकडी पिंपातील रस हळूहळू उडून जातो म्हणून पिंप पुन्हा काठोकाठ भरावयाचे. हवा हा येथील मोठा शत्रू. तिचा शिरकाव झाला की वाइनचा शिरका व्हावयास वेळ लागत नाही. म्हणून अशा उत्पादकाच्या हाती पेल्यापेक्षा पाण्याची नळी आणि घासणी अधिक वेळ असते. टाक्या, नळ्या, पंप धूत राहणे हेच तळघरातील प्रमुख काम.

परंतु या तळघरात रसाबरोबर पैसाही मुरत पडलेला असतो. द्राक्षांचे पैसे हंगामात चुकते करावे लागतात. बाटल्या, बुचे, लेबले विक्रीपूर्वीच घ्यावी लागतात. लाल वाइन वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ थांबते. आल्फ्रेड मार्शल यांनी व्याजाला वाट पाहण्याचा मोबदला म्हटले होते. तळघर म्हणजे ही वाट पाहण्याची सोय, आणि ती भांडवलावाचून लाभत नाही. २००८ च्या जागतिक मंदीनंतर नाशिक भागातील कित्येक लहान वायनऱ्या बंद पडल्या आणि वाइनच्या द्राक्षांना गिऱ्हाईक उरले नाही, ते यामुळेच. मोठा कारखानदार थांबू शकला. लहानाला थांबणे परवडले नाही.

सूर्यास्तापूर्वीचा बाजार

रेवसच्या दक्षिणेस थळ, अक्षी, नागाव, रेवदंडा या गावांतील वाड्यांत माडीचे गणित याच्या अगदी उलट आहे. माडाच्या न उमललेल्या पोयीला रोज सकाळ-संध्याकाळ धार लावून काप द्यावयाचा आणि ठिबकणारा रस मडक्यात धरावयाचा, हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय. येथे शीतयंत्र नको, पिंप नको. हवेतील यीस्ट मडक्यातच काम सुरू करते आणि काही तासांत नीरेची माडी होते. पण दुसऱ्या दिवशी तीच माडी आंबट होऊन जाते. ज्याचा माल सूर्यास्तापूर्वी खपला पाहिजे, त्याला भावाची घासाघीस करता येत नाही. समोर येईल त्या दराला तो बांधलेला असतो.

हे दुबळेपण सर्वस्वी निसर्गाने दिलेले नाही. पूर्वी माडी गाळून तिची टिकाऊ दारू करता येत असे. भट्टी हेच किनाऱ्याचे तळघर होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडावर कर बसविला, छेदण्यास परवाना लागू केला आणि गाळण्याचा धंदा मोजक्या ठिकाणी एकवटण्याच्या धोरणास बळ दिले. रेवससमोरच खाडीपलीकडे असलेले उरण मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्यांचे केंद्र झाले. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच कायद्याने निर्बंध आले. सरकारचा महसूल वाढला. लहान उत्पादकाची वाट पाहण्याची शक्ती मात्र गेली. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने उरलासुरला धंदाही आक्रसला.

अर्धशतकानंतर, २००१ मध्ये, राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आखले, करसवलती दिल्या आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभारण्याचे ठरविले. धोरणाचा हेतू शेतमालाला टिकाऊ रूप देण्याचा होता आणि तो योग्यच होता. प्रश्न एवढाच की, हा न्याय द्राक्षाला लागू होतो, तर माडाला का नाही? गोव्यात माडाच्या सुरापासून शिरका होतो आणि तो घरोघर स्वयंपाकात वापरला जातो. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

ताट आणि पेला

पेय आणि भोजन या अर्थशास्त्राच्या भाषेत पूरक वस्तू होत. एकीची मागणी दुसरीला ओढून नेते. आपल्या वाइन-व्यवसायाने जुळणीचे नियम परदेशी ताटावरून उचलले, म्हणून ते येथे अनेकदा फसतात. लाल वाइनमधील तुरटपणा मासळीशी भिडला की तोंडात धातूसारखी चव येते. अधिक मद्यार्क मिरचीचा दाह वाढवितो. आमसुलाच्या आंबट कालवणासमोर कमी आंबट वाइन मचूळ लागते. तेथे शेनिन ब्लांसारखी थंड, आंबटगोड पांढरी वाइनच टिकाव धरते. आणि तळलेला बोंबील, तांदळाची भाकरी, जिताड्याचे कालवण यांच्याशी हलकी, किंचित फसफसणारी माडी पिढ्यान्‌पिढ्या जमून आली आहे. ही जुळणी किनाऱ्याने स्वतः घडविली. तिचा लाभ मात्र किनाऱ्याला मिळत नाही, कारण पाहुण्याच्या टेबलापर्यंत पोहोचेल इतका वेळ माडी टिकत नाही.

यावर आक्षेप येईल तो दारूच्या दुष्परिणामांचा, आणि तो हलका नाही. उभ्या बाटलीविरुद्ध आडव्या बाटलीला मत देऊन दुकाने बंद करणाऱ्या स्त्रियांनी या राज्यात जे भोगले आहे, त्याची उपेक्षा कोणत्याही धोरणाला करता येणार नाही. सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा जानेवारी २०२२ मधील निर्णय विरोधामुळे अमलात येऊ शकला नाही, यामागेही हीच भीती होती. मालवणीत २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मारली; ताडीत क्लोरल हायड्रेट मिसळण्याचे प्रकारही वारंवार उघडकीस आले आहेत. परंतु भेसळ कोठे शिरते? परवान्याचा बोजा झाडांच्या रसातून भरून निघत नाही, तेथे ती शिरते. परवाना झाडांच्या प्रत्यक्ष संख्येशी बांधला आणि तपासणी कडक ठेवली, तर भेसळीचा मोह कमी होईल.

त्यामुळे मागणी अधिक पिण्याची नसून अधिक न्याय्य साठवणीची आहे. कर मद्यार्काच्या प्रमाणावर बसावा, म्हणजे सौम्य पेयावर तीव्र पेयाइतका भार पडणार नाही. लहान वायनरीला तळघरातील मालाच्या तारणावर कर्ज मिळावे आणि कराचा परतावा वेळेवर हाती पडावा. विलंबित परतावा मोठ्याला गैरसोयीचा असतो, लहानाला प्राणघातक. माडाच्या वाड्यांत सहकारी पद्धतीने शीतगृहातील नीरा, गूळ आणि शिरका यांची केंद्रे निघावीत. यांपैकी एकही वस्तू नशा आणत नाही, आणि तिन्ही सूर्यास्तानंतरही विकता येतात.

पूल झाला की मुंबईची गाडी थेट रेवसला उतरेल. तिच्याबरोबर येणारा पैसा वाडीत मुरणार, की हॉटेलाच्या गल्ल्यातून आल्या वाटेने परत जाणार, हे मडक्यातला रस एक रात्र थांबू शकतो की नाही यावर ठरणार आहे.