अमेरिकेचा कायदा आमच्या मुलांनी कां वाचावा?

इस्लापूरकडचे एखादे होतकरू पोर नांदेडास वकिलीचा अभ्यास करू लागले की शहाणी मंडळी हटकून विचारतात, "तुला उभे राहायचे किनवटच्या कोर्टात, अमेरिकेचा कायदा काय चाटायचा आहे?" ज्यांच्या घरी तीन पिढ्यांची वकिली आहे त्यांच्या मुलांस मात्र हा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्यांस न्यूयॉर्कचे तिकीट काढून देतात!

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांस मुक्त करणाऱ्या सज्जनांस. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत, अमेरिकेतही मूलभूत हक्क निरंकुश नाहीत हे त्यांनी तेथील गिटलो खटल्याचा दाखला देऊन टीकाकारांस ऐकविले. तेव्हा हे वाचन आमच्या घरचेच आहे.

पण वाचावे ते डोळे उघडे ठेवून. १८६८ च्या दुरुस्तीने अमेरिकेने सर्वांस कायद्याचे समान संरक्षण दिले. आमच्या १४ व्या कलमात तेच शब्द आहेत. पुढे १८७५ साली खाणावळी, नाटकगृहे व गाड्या काळ्या लोकांस खुल्या करणारा कायदा झाला. १८८३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. कारण काय? तर दुरुस्तीचा लगाम सरकारच्या तोंडात आहे, खाणावळवाल्याच्या नव्हे! ते दार देशभर कायद्याने उघडावयास १९६४ साल उजाडले. म्हणजे सरकारने समान लेखले तरी शेजाऱ्याने पाणी तोडावे, हा आमच्याच गावचा अनुभव. महाडच्या तळ्यावर लोक १९२७ साली गेले आणि दाव्याचा निकाल हायकोर्टातून १९३७ साली मिळाला. आमच्या घटनेच्या १५ व्या कलमात दुकान, उपाहारगृह, विहीर, तलाव, स्नानाचा घाट ही नांवे एकेक करून लिहिली आहेत. त्यांचे मोल १८८३ चा तो निकाल वाचलेल्या विद्यार्थ्यास जसे कळते तसे नुसते कलम घोकणाऱ्यास कळत नाही.

हे शिक्षण मराठीतून मिळाले पाहिजे. निवडक निकालांचे एक स्वस्त पुस्तक विद्यापीठाने काढावे. इंग्रजीच्या भीतीने हुशार पोरे मागे राहतात, बुद्धीच्या उणेपणाने नव्हे. सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नांवाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध मुलांसाठी आहे. तिची जाहिरात इस्लापूरच्या शाळेच्या फळ्यावर लागते काय, हे आमच्या तिकडील वाचकांनी समक्ष पाहून कळवावे.