सबर फक्त बाईनेच करायचा का?

मी घटस्फोटाचा दावा दाखल केला तेव्हा आमच्या लग्नाला 27 वर्षं झाली होती. घरी सांगितलं तेव्हा मुलगा एवढंच म्हणाला, "अम्मी, अब कायकू?" मग हाच प्रश्न भावाने विचारला, नणंदेने विचारला, जमातीच्या पंचांनीही विचारला. एवढी वर्षं काढलीस, नातवंडं खेळवायचे दिवस आले, आता कशाला? तरुण मित्रमैत्रिणींनो, याचं उत्तर मी तुम्हाला देते आहे, कारण उद्या हा प्रश्न तुमच्या घरात निघेल आणि कदाचित तुम्हीच तो विचाराल.

माझा नवरा दारू पीत नाही. पाच वक्तचा नमाजी, मोहल्ल्यात मान. हात त्याने मोजून पाच-सहा वेळा उचलला. हे 'मोजून' मीसुद्धा कितीतरी वर्षं त्याच्या बाजूने सांगत आले. बाकीचं मोजता येण्यासारखं नव्हतं. अंगणवाडीचं माझं मानधन बँकेत जमा व्हायचं आणि एटीएम कार्ड त्याच्या खिशात असायचं. एसटीच्या तिकिटाला पैसे हवे असले तरी कारण सांगावं लागायचं. माहेरच्या चार बांगड्या त्याने मला न विचारता विकल्या. सालनात मीठ कमी पडलं की पाहुण्यांसमोर ताट ढकलून माझ्या आईबापाचा उद्धार. कधी महिना महिना अबोला. त्याच्या स्कूटरचा आवाज आला की मुलं टीव्ही बंद करून पुस्तक उघडायची.

मी का राहिले? मुलं लहान होती, हातात पैसा नव्हता आणि माझी अम्मी म्हणायची, सबर कर. मग दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचा सासरहून रडत फोन आला आणि माझ्या तोंडून निघालं, "सबर कर, बेटा." फोन ठेवल्यावर माझीच मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी जाऊन तिला घरी घेऊन आले. चार महिन्यांनी स्वतःसाठी वकील गाठला. 'आता का' याचं उत्तर हे आहे.

पंचांनी तोडगा सुचवला. कोर्टकचेरी नको, खुला घे. मेहेर सोड, बांगड्यांचं नाव काढू नकोस, तोही राजी होईल. ऐकायला सोपं वाटतं. पण खुलाची मूळ घटना आठवा. साबित बिन कैस यांची पत्नी रसूलल्लाहकडे आली. नवऱ्याच्या स्वभावाबद्दल किंवा दीनाबद्दल तिची तक्रार नव्हती, तिला फक्त त्याच्याबरोबर राहायचं नव्हतं. म्हणून मेहेरमध्ये मिळालेली बाग तिला परत करायला सांगितली गेली. जिथे नवऱ्याचा दोष नाही, तिथली ही वाट आहे. ज्याने 27 वर्षं छळलं त्यालाच माझं मेहेर बक्षीस का द्यायचं? दिलेल्यातलं काही परत मिळावं म्हणून बायकांची कोंडी करू नका, हे सूरह निसाच्या 19व्या आयतीत आहे. त्रास देण्यासाठी त्यांना अडकवून ठेवू नका, हे सूरह बकराच्या 231व्या आयतीत आहे. सबरच्या आयती मला तोंडपाठ करून देणाऱ्यांनी या दोन कधी का सांगितल्या नाहीत?

कायदाही आपलाच आहे. एकेकाळी हनफी फिक्हप्रमाणे बाईला निकाह तोडायला वाटच जवळपास नव्हती. नवऱ्यापासून सुटण्यासाठी बायका धर्म सोडू लागल्या, तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींनी 1931 मध्ये 'अल-हिलतुन नाजिझा' लिहून मालिकी मताचा आधार घेतला. मग काझी मुहम्मद अहमद काझमींनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं आणि 1939 चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला. त्याच्या कलम 2 मध्ये क्रूरतेचा अर्थ दिला आहे. मारहाण नसली तरी वागणुकीने बाईचं जगणं असह्य करणं, ही क्रूरता. तिची मालमत्ता परस्पर विकणं, हीसुद्धा क्रूरता. आणि कलम 5 सांगतं की या कायद्यामुळे तिच्या मेहेरच्या हक्काला बाधा येत नाही. पंचांना मी हे वाचून दाखवलं, तेव्हा त्यातल्या एकानेही ते आधी वाचलेलं नव्हतं.

काही जण म्हणतात, अशाने कौमची बदनामी होते, बाहेरच्यांना आयतं कोलीत मिळतं. बाहेरच्यांना मी एवढंच सांगेन, की हिंदू विवाह कायद्यात क्रूरता हे घटस्फोटाचं कारण 1976 च्या दुरुस्तीनंतर आलं. आपल्या बायकांना ते 37 वर्षं आधी मिळालं होतं. तुमची कीव नको. आणि आपल्या लोकांना सांगते, बदनामी ताट ढकलणाऱ्यामुळे होते, ते उचलणारीमुळे होत नाही. तीन तलाक 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवला. तरीही पुरुष आजही दुसऱ्या पद्धतीने, कोर्टाची पायरी न चढता तलाक देऊ शकतो. मी मात्र तारखांमागून तारखा घेते आणि पुरावे देते. ही विषमता झाकून कौमची इज्जत राहणार आहे का?

पुराव्यांचंही ऐका. पोलीस तक्रार कुठे आहे? दवाखान्याचा कागद? माझ्याकडे काहीच नव्हतं. 27 वर्षं गप्प राहणं माझ्याच विरुद्ध वापरलं जातं. पण रोजचा छळ एका दिवसात सिद्ध होत नाही, त्याला वर्षंच लागतात. शेवटी बँकेचं पासबुक कामी आलं, शेजारीण साक्षीला तयार झाली.

म्हणून तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. निकाहनाम्यात मेहेरची रक्कम स्पष्ट लिहा, तलाक-ए-तफवीजची अट घाला आणि एक प्रत मुलीच्या हातात द्या. छळाची तक्रार घेऊन आलेल्या बाईला खुलाच्या रांगेत उभं करणाऱ्या पंचांना, तुमच्याच जमातीत, उभं राहून जाब विचारा. आणि घरातल्या बाईला सांगा, की 1987 च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. तिच्याबरोबर तिथवर तुम्ही जा.

माझी पुढची तारीख याच महिन्यात आहे. साक्षीदारांच्या यादीत आता माझ्या मुलाचंही नाव आहे. त्याने ते स्वतःहून द्यायला सांगितलं. स्कूटरचा आवाज त्यालाही आठवतो. तुमच्या घरातली एखादी अम्मी, खाला किंवा फूफी उद्या अशी उठून उभी राहिली, तर तिला 'अब कायकू' विचारू नका. इतकी वर्षं आपण काय करत होतो, हे स्वतःला विचारा.