शब्द नाहीत, की आपल्याला कळत नाहीत?

फुगडीला वेग आला की गाणे थांबते आणि तोंडाने ‘फू फू’ असा पकवा सुरू होतो. ढोलकी लागत नाही, कोणाची परवानगीही लागत नाही. श्वासच ताल धरतो. स्कॉटलंडच्या बेटांवर गेलिक बोलणाऱ्या बायका ओले लोकरीचे कापड फळीवर आपटून घट्ट करत. त्यांच्या गाण्यांची पालुपदेही अशाच बिनअर्थाच्या उच्चारांची असत, आणि अभ्यासकांनी ती जशीच्या तशी नोंदवली.

आपल्याकडे हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. थोर काम! एरवी मात्र छापताना ओवीचे शब्द ठेवतात, मधले ‘गं बाई’ गाळतात. जाते ओढणारीने दम कुठे घेतला, ते त्यातच कळते.

मेळघाटात जरा जपून. सेमाडोहला कोरकू बायकांचे गाणे ऐकून ‘शब्द काही नाहीत, नुसती लय’ म्हणणारे पाहुणे असतात. शब्द असतात, कोरकूत असतात. आणि कोरकू ही मराठीची बोली नव्हे, मुंडा कुळातली स्वतंत्र भाषा आहे. आपणही शिबिराला मराठी गाणी घेऊन जातो. त्या बिचाऱ्या नुसते पालुपद म्हणतात आणि आपण अहवालात ‘उत्स्फूर्त सहभाग’ लिहितो! मैत्रिणींनो, पुढच्या शिबिरात पहिले गाणे त्यांचे असू द्या. अर्थ त्याच सांगतील. पालुपद आपण म्हणू.