आवयांच्या बाजारातला खेळाडू

फेब्रुवारी महिना उजाडला की अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये खेळ मागे पडतो आणि बाजार पुढे येतो. एनबीए या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या या स्पर्धेत तीस संघ आहेत. हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि खेळाडूंची आपसांत अदलाबदल करण्याची मुदत फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात संपते. त्याआधीचा महिनाभर अमुक नायक तमुक शहरात जाणार, अमक्याचे प्रशिक्षकाशी पटत नाही, तमक्याचा गुडघा पूर्वीसारखा राहिलेला नाही, अशा कंड्या रोज सकाळ-संध्याकाळ पिकत असतात. काल रात्री कोण जिंकले यापेक्षा उद्या कोण कुठे जाणार याची चर्चा अधिक रंगते. हा प्रकार मनोरंजक आहे यात शंका नाही. तो निरुपद्रवी आहे काय, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

आपल्याकडच्या वाचकाला ‘ट्रेड’ ही चीज समजावून घ्यायची तर सरकारी नोकरीतल्या बदलीची आठवण करावी. पण बदली झालेल्या शिक्षकाच्या किंवा तलाठ्याच्या हाती निदान आदेशाचा कागद पडतो, रुजू होण्यासाठी चार दिवस मिळतात आणि खातेही तेच राहते. एनबीएत खेळाडूचा करारच एका संघाकडून दुसऱ्याकडे जातो आणि त्याची संमती सहसा विचारली जात नाही. काल ज्यांच्याविरुद्ध तो जीव तोडून खेळला, त्यांचाच सदरा आज त्याच्या अंगावर चढतो. घर, बायको-मुले, शाळा हे सारे मागाहून.

१ फेब्रुवारी २०२५ च्या मध्यरात्री डॅलस मॅव्हरिक्स या संघाने आपला लुका डॉन्चिच हा खेळाडू लॉस एंजेलिस लेकर्सना देऊन टाकला आणि बदल्यात मुख्यतः अँथनी डेव्हिस घेतला. डॉन्चिच तेव्हा पंचविशीत होता. त्याच्याच जोरावर २०२४ मध्ये डॅलसने अंतिम फेरी गाठली होती. या सौद्याची आधी कुठेही कुजबुज नव्हती. बातमी प्रथम देणाऱ्या शॅम्स चरानिया या वार्ताहराचे समाजमाध्यमावरचे खातेच कोणी पळवले असावे, असे लोकांना वाटले. ज्या जगात रोज शंभर खोट्या वदंता खऱ्या मानल्या जातात, तिथे एक खरी बातमी खोटी ठरवली गेली! खुद्द दोन्ही खेळाडूंनाही याची कल्पना नव्हती. पुढे डॉन्चिचचे वजन, त्याची तंदुरुस्ती, त्याची शिस्त यांच्याविषयीच्या गोष्टी बाहेर येऊ लागल्या. माणूस आधी काढला आणि तो कसा काढण्यासारखाच होता, हे नंतर सांगितले गेले. डॅलसच्या प्रेक्षकांना ते पटले नाही. ९ एप्रिलला तो पाहुणा म्हणून तिथे परतला, डोळे पुसत मैदानात उतरला आणि ४५ गुण करून गेला. हा सौदा करणारे महाव्यवस्थापक निको हॅरिसन यांना नोव्हेंबर २०२५ मध्ये पद सोडावे लागले.

पण डॉन्चिच उमेदीत होता. त्याला दुसरे मोठे व्यासपीठ मिळाले. खरा प्रश्न पडतीच्या काळात सापडलेल्या नायकांचा आहे. खेळ उतरू लागला की आवया सुरू होतात, आणि आवया सुरू झाल्या की खेळ आणखी उतरतो. या फेऱ्यातून बाहेर पडणे भल्याभल्यांना जमलेले नाही.

या आवया येतात कुठून? त्या आपोआप उगवत नाहीत. प्रत्येकीमागे कोणाचा तरी हात आणि हेतू असतो. खेळाडूचा भाव वाढवायचा असतो म्हणून त्याचा दलाल वार्ताहराच्या कानात काही सांगतो. विकायचा खेळाडू विकत नाही म्हणून संघ गिऱ्हाइकांची गर्दी असल्याचा आभास निर्माण करतो. प्रतिस्पर्ध्याच्या घरात भांडण लागावे म्हणून तिसराच कोणी नावे पुढे सरकवतो. आपल्याकडच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतात. निदान तिथे काय चालले आहे ते बैलाला कळत नाही. इथे ज्याचा भाव चालू आहे, त्याने त्याच संध्याकाळी वीस हजार लोकांसमोर हसतमुखाने खेळायचे असते.

२०१९ च्या जानेवारीत न्यू ऑर्लिन्सकडे असलेल्या अँथनी डेव्हिसने आपल्याला दुसरीकडे पाठवा, अशी जाहीर मागणी केली. लेकर्सना तो हवा होता आणि त्याच्या बदल्यात ते कोणाकोणाला देणार, याची यादी रोज छापून येऊ लागली. ५ फेब्रुवारीला लेकर्स इंडियानात खेळत असताना ब्रँडन इन्ग्रम हा तरुण खेळाडू फ्री थ्रोसाठी उभा राहिला, तेव्हा ‘लेब्रॉन तुला विकणार’ असा घोष प्रेक्षागारातून उठला. लेब्रॉन जेम्स म्हणजे त्याच्याच संघातला ज्येष्ठ सहकारी. त्या दिवशी लेकर्स ४२ गुणांनी हरले. डावपेचांच्या वहीत या पराभवाचे कारण सापडणार नाही.

आता या बाजाराचा हिशेब पाहू. १९८४-८५ च्या हंगामापासून प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा आहे. तेव्हा ती ३६ लाख डॉलर होती, २०२४-२५ मध्ये ती सुमारे १४ कोटी डॉलरवर गेली. मर्यादेच्या वर असलेल्या संघाने जितक्या पगाराचा खेळाडू घ्यायचा, साधारण तितक्याच पगाराचे खेळाडू द्यायचे असतात. म्हणजे खेळाडूचा पगार हे तराजूतले वजन झाले. त्यातूनच एक विलक्षण वस्तू जन्माला आली, ती म्हणजे मुदत संपत आलेला करार. असा खेळाडू समोरच्या संघाला खेळण्यासाठी नको असतो. उन्हाळ्यात त्याचा पगार पुस्तकातून निघून जाईल, हीच त्याची किंमत.

रसेल वेस्टब्रुकची गोष्ट इथे लक्षात घेण्याजोगी आहे. ओक्लाहोमा सिटीकडून तो अकरा हंगाम खेळला, २०१७ मध्ये स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. एका हंगामात ४२ ‘ट्रिपल डबल’ करून त्याने ऑस्कर रॉबर्टसनचा १९६१-६२ पासूनचा विक्रम मोडला. २०२१ मध्ये तो लेकर्सकडे आला आणि तिथे त्याचे बस्तान बसले नाही. दीड वर्ष त्याच्या जाण्याच्या बातम्या येत राहिल्या. चेंडू विटेसारखा आदळून परत येतो म्हणून प्रेक्षक त्याच्या आडनावाचा अपभ्रंश करून ‘वेस्टब्रिक’ म्हणू लागले. मार्च २०२२ मध्ये त्याने जाहीरपणे सांगितले की, हे नाव आपल्या मुलांचेही आहे आणि त्यांना सामन्याला आणणे आता नकोसे वाटते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला युटाहकडे पाठवण्यात आले. तिथे एकही सामना न खेळता करार मोडून तो बाहेर पडला. २०२४ मध्ये पुन्हा युटाहकडेच बदली आणि पुन्हा तोच प्रकार. एकेकाळचा सर्वोत्तम खेळाडू दोनदा एका संघाच्या हिशेबवहीत येऊन गेला आणि मैदानात एकदाही आला नाही.

त्याहून जिव्हारी लागणारी कहाणी आयझेया थॉमसची. २०११ मध्ये सर्वांत शेवटी, साठाव्या क्रमांकावर निवडलेला हा पाच फूट नऊ इंच उंचीचा खेळाडू २०१६-१७ मध्ये बोस्टनकडून सामन्यामागे २८.९ गुण करत होता. एप्रिल २०१७ मध्ये बाद फेरी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी त्याची धाकटी बहीण मोटार अपघातात गेली. दुसऱ्या दिवशी तो खेळला. २ मे रोजी, त्या बहिणीच्या वाढदिवशी, त्याने ५३ गुण केले. खुब्याच्या दुखापतीने त्याला पुढे थांबावे लागले, आणि ऑगस्टमध्ये बोस्टनने त्याला क्लीव्हलँडकडे पाठवून कायरी अर्विंग घेतला. तपासणीत खुबा अपेक्षेपेक्षा वाईट निघाला म्हणून क्लीव्हलँडने आणखी एक निवडहक्क वसूल केला. म्हणजे माल सदोष निघाला म्हणून सूट मागावी तसे! सहा महिन्यांच्या आत क्लीव्हलँडनेही त्याला लेकर्सकडे धाडले. २०१८ मध्ये डेन्व्हरने त्याला घेतले ते किमान वेतनावर. ज्या खुब्यावर तो बोस्टनसाठी खेळला, त्याच खुब्याने त्याचा भाव पाडला.

या व्यवहाराचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. सॅक्रमेंटो किंग्ज या संघाची सूत्रे २०१३ मध्ये ज्यांच्या पुढाकाराने घेतली गेली, ते विवेक रणदिवे मुंबईत जन्मले. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले, ते किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात. त्याआधी दोन वर्षे याच किंग्जनी डीमार्कस कझिन्सला न्यू ऑर्लिन्सकडे पाठवले होते. फेब्रुवारी २०१७ च्या सुरुवातीला त्याला कुठेही पाठवणार नाही, असे संघाच्या वतीने जाहीर झाले होते. त्याच महिन्यात, ऑल-स्टार सामना आटोपताच त्या रात्री, सौदा झाला. संघात राहिला असता तर सुमारे २१ कोटी डॉलरच्या कराराला तो पात्र ठरत होता. जानेवारी २०१८ मध्ये त्याचा टाचेमागचा स्नायुबंध तुटला आणि त्या उन्हाळ्यात त्याने सही केली ती सुमारे ५३ लाख डॉलरवर. त्याच्या बदल्यात आलेला बडी हील्ड वरळीत किंग्जकडून खेळला; पुढे २०२२ मध्ये टायरीस हॅलिबर्टनबरोबर तो पेसर्सकडे गेला आणि पेसर्सचा डोमंतास साबोनिस किंग्जकडे आला. मुंबईकरांनी टाळ्या वाजवून पाहिलेले दोन्ही संघ आपसांतच माणसे बदलून मोकळे झाले.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले आहे. कोट्यवधी डॉलर घेता ना, मग तक्रार कसली? या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. गिरणी बंद पडल्यावर रस्त्यावर आलेल्या कामगाराचे दुःख आणि यांचे दुःख एका मापाने मोजता येणार नाही. पण पैसा ही कसबाची किंमत आहे. फसवणूक सहन करण्याचा तो भत्ता नव्हे. शिवाय हा पैसा दानात मिळालेला नाही. खेळाडू संघटनेचा अध्यक्ष या नात्याने ऑस्कर रॉबर्टसनने १९७० मध्ये न्यायालयात धाव घेतली, १९७६ मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठे करार संपल्यावर दुसरीकडे जाण्याची वाट खुली होऊ लागली.

खेळाडूही धुतल्या तांदळासारखे नाहीत, हेही म्हटले पाहिजे. करार चालू असताना आडून बसायचे, मनासारख्या शहरात बदली होईपर्यंत संघाला वेठीला धरायचे, हे तंत्र मोठ्या नायकांनी आत्मसात केले आहे. २०१९ मध्ये डेव्हिसने केले ते हेच. इन्ग्रमसारख्यांना त्याची झळ बसली. आणि २०२५ मध्ये त्याच डेव्हिसला न विचारता पाठवण्यात आले. जो बाजार आपण चालवतो असे नायकाला वाटते, तो बाजार त्याचीही गय करत नाही.

मग करायचे काय? अदलाबदल बंद करा, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. २०१८ मध्ये टोरांटोने नऊ वर्षे निष्ठेने खेळलेला डीमार डीरोझन देऊन क्वाय लेनर्ड आणला आणि २०१९ चे अजिंक्यपद मिळवले. खेळाच्या दृष्टीने तो सौदा चोख होता. डाचले ते वेगळेच. आपण इथेच राहणार अशी डीरोझनची समजूत होती. काही महिन्यांपूर्वीच त्याने आपल्या नैराश्याविषयी जाहीरपणे बोलण्याचे धैर्य दाखवले होते. संघाचे प्रमुख मसाई उजिरी यांनी नंतर या गैरसमजाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, पण ती नंतर.

आठ वर्षे स्पर्धेत आणि त्यातली चार त्याच संघात काढलेल्या खेळाडूला करारात ‘माझ्या संमतीवाचून बदली नाही’ असे कलम मागता येते. ते मिळते मात्र कोबी ब्रायंट, डर्क नोवित्स्की अशा मोजक्यांनाच. अमेरिकन बेसबॉलमध्ये दहा वर्षे स्पर्धेत आणि शेवटची पाच एकाच संघात खेळणाऱ्याला हा नकाराधिकार आपोआप मिळतो. आपल्या आयपीएलमध्येही अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते. बास्केटबॉलनेही आठ-चार वर्षांची अट पुरी करणाऱ्या प्रत्येकाला हा हक्क द्यावा. याचा दुरुपयोग होईल, हा आक्षेप खरा आहे. ब्रॅडली बीलच्या करारातल्या अशा कलमाने फिनिक्सचे हात बांधले गेले आणि २०२५ मध्ये करार मोडूनच सुटका करून घ्यावी लागली. पण ते कलम संघानेच डोळे उघडे ठेवून स्वीकारले होते. दीर्घ सेवेला काही किंमत असावी असे वाटत असेल, तर ती कधीमधी मोजावीही लागणार.

हा नियम असता तरी डॉन्चिच, थॉमस, कझिन्स यांची वर्षे भरली नव्हती, त्यांना त्याचा उपयोग झाला नसता. त्यांच्यासाठी लागते ती साधी सभ्यता: पाठवायचे असेल तर तोंडावर सांगणे, आणि पाठवणार नाही असे सांगितले असेल तर न पाठवणे. ती नियमात लिहिता येत नाही. पण ती पाळली गेली की नाही, हे प्रेक्षकाला विचारता येते. २०१० मध्ये लेब्रॉनने क्लीव्हलँड सोडले तेव्हा तिथल्या लोकांनी त्याच्या नावाचे सदरे जाळले. संघ खेळाडूला सोडतो तेव्हा मात्र ‘धंदा आहे, चालायचेच’ असे म्हणून आपण पुढची आवई वाचायला घेतो. निष्ठेची अपेक्षा धरायची असेल तर ती दोन्हीकडून धरावी. पुढच्या फेब्रुवारीत एखाद्या थकलेल्या नायकाच्या जाण्याची कंडी कानावर येईल, तेव्हा ती पुढे सरकवण्याआधी त्या कंडीने कोणाचा फायदा होणार आहे, एवढे तरी आपण स्वतःला विचारावे.